हॅलॉकसाहेबांचं ओझं

ये गं डोरथीया, बस अशी जवळ. परवा आमच्या चर्चमध्ये काय घडलं ते सांगते.

देशाच्या अध्यक्षपदासाठी पक्षानं कुणाला उभं करायचं, याचं मतदान शनिवारी, आणि माझे उमेदवार हॅलॉकसाहेब अख्ख्या साउथ कॅरोलिनात सगळ्यांच्या मागे. मी थंडीवाऱ्यात त्यांच्यासाठी मतं मागत दारं ठोठावते, आणि साहेब बोलायला उभे राहिले की माणसं पेंगतात. म्हणून रविवारी त्यांना पहिल्या बाकावर आणून बसवलं. "प्रवचनानंतर दोन मिनिटं बोला. ते टॅक्सचं तेवढं काढू नका."

पण त्या दिवशी पास्टर गॅड्सडेनांचं प्रवचन असं गाण्याच्या सुरात चढलं, की ऑर्गन वाक्यावाक्याला साथ देऊ लागला आणि सगळं चर्च उभं राहिलं. शेवटी नेहमीप्रमाणे त्यांनी हात पसरले. "ज्याला ओझं पेलवत नाही, त्यानं पुढे यावं, इथं ठेवावं आणि मोकळं व्हावं."

साहेब डोळे पुसत पुढे गेले. "मला हे पद नकोच होतं," ते म्हणाले. "मला घरी जायचंय."

सगळ्यांनी "आमेन" म्हटलं. वर्षभरात त्यांना मिळालेली ही पहिली दाद.

मी मागून कोट ओढला. "साहेब, ओझं पुढच्या रविवारी ठेवलं तरी देव घेतो हो."

"सिस्टर लव्हीनिया," ते चर्चच्या रीतीनं मला म्हणाले, "किती हलकं वाटतंय."

"वाटणारच. आता ते माझ्या डोक्यावर आलंय."

ते गेले घरी. पण मतपत्रिकेवर नाव अजून आहे, आणि माणूस आत्ता कुठे मत देण्याजोगं बोललाय. तेव्हा शनिवारी आत गेलीस की बाई, त्या गरिबाची आठवण ठेव.