अर्धी राहिलेली वजाबाकी

श्रुतीने टॅब अक्काच्या मांडीवर ठेवला आणि फॉर्म घेऊन समोर बसली. बी.एड.च्या पोरींना गणिताची पाच अ‍ॅप तपासून गुण द्यायचे होते. 'विद्यार्थी चुकल्यावर अ‍ॅप काय करते?' हा रकाना भरायला खरोखर चुकणारं माणूस हवं. राजारामपुरीतल्या त्या फ्लॅटात भरदुपारी आजेसासू अक्काशिवाय होतं कोण?

"मी चौथी पास हाय," अक्का म्हणाली. "चुकणारं मानूस पायजे तर तुझ्या नवऱ्याला बसीव की."

हे चौथीचं अक्का साठ वर्षं सांगत आली होती. सोयऱ्यांत, बचत गटात, लग्नाच्या बैठकीतसुद्धा. उलट विचारायची कुणाची टाप नव्हती.

एक्केचाळीसातून सव्वीस गेले. अक्काने पंचवीस लिहिले. पुढची तीनही तशीच चुकली. टॅब जरा थांबला, मग अक्षरं उमटली : तुमची पातळी, इयत्ता दुसरी.

श्रुतीने ओठ दाबले.

"मशीन त्ये. त्याला काय कळतंय?" अक्का फणकारली, पण तिचे कान तापले होते.

पुढचं गणित आलं. बावन्न वजा सतरा. ते कोरं नव्हतं. पाचावर काट मारलेली, डोक्यावर वाकडा चार. दोनाशेजारी एक काढायचा तेवढा राहिला होता.

"हे कुणी सोडवलं?" श्रुतीने अ‍ॅप बंद केलं, पुन्हा उघडलं. बाकीची गणितं कोरी. हेच तेवढं तसंच.

"म्या." अक्काचा आवाज बारीक झाला. "मलकापूरच्या शाळंत. पाचावर काट मारली आन् बा दारात हुबा. भाऊ झाला हुता, त्याला धराय कोन न्हवतं. पाटी तितंच ठिवून उठलो. दुसरीतनं."

श्रुतीला फॉर्मकडे बघवेना. "ऱ्हाऊ द्या अक्का, दुसरं अ‍ॅप बघू."

तेवढ्यात जिन्यात वहाणा वाजल्या. लिफ्ट चालू असताना चौथ्या मजल्यावर पायी कुणी येत नसे. आणि वहाणांची तसली करकर अक्काने, बा गेल्यापासून, चाळीस वर्षांत ऐकली नव्हती. पावलं दारापाशी येऊन थांबली. श्रुती उठली.

अक्काने मान वर केली नाही. तिचं बोट दोनाशेजारी टेकलं होतं.

"दार उघडू नगंस," ती म्हणाली. "आतनंच सांग, पोरगी वर्गात हाय. तिचं गणित व्हायचं हाय अजून."