माळावरचा युंग

"सैनिक युंग इथेच राहतात ना?" दारातल्या मुलीने विचारलं.

"राहतो. अजून मेला नाही," म्हातारा म्हणाला. "आत ये, थंडी शिरतेय घरात."

चुलीशी लोकर पिंजत बसलेल्या मार्टाने नवऱ्याची ही पाहुणी न्याहाळली. तिचं नाव एलिन. कोणाच्या तरी शेतावर कामाला असावी. हात तसे होते. पलीकडच्या खोऱ्यातून चालत आली होती, तरी मार्टाने पुढे ठेवलेल्या कडक भाकरीला तिने हात लावला नाही.

"युंग म्हणजे माळावरचं जांभळं झुडूप," ती म्हणाली. "तुमच्यासारख्या धिप्पाड माणसाला हे नाव कोणी दिलं?"

"पलटणीने. माझा बाप निल्स, म्हणून मी निल्सन. पण कवायतीत निल्सन म्हणून हाक मारली की निम्मी पलटण ओ द्यायची. मग सैनिकाला गावाकडून जी झोपडी मिळेल, तिचंच नाव त्याला. या झोपडीमागे सगळा तोच माळ." म्हातारा रंगात आला. "त्यात कॅप्टन जर्मन. नावाच्या सुरुवातीला लिहिलेला ल आपण गिळतो, हे त्याला कोण सांगणार? ल्युंग, ल्युंग करून ओरडतोय आणि मी आपला ढिम्म. पहिल्याच दिवशी शिव्या खाल्ल्या."

एलिन हसली, आणि हसता हसता थांबली.

"माझी आई ब्रिटा. या हिवाळ्यात गेली. बाप कोण, ते तिने अगदी शेवटी सांगितलं. माळावरच्या झोपडीतला सैनिक युंग."

मार्टाचं पिंजणं थांबलं.

"जन्म कधीचा तुझा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"फिनलंडची लढाई सुरू झाली, त्या वर्षीचा."

त्याने बायकोकडे पाहिलं. बायको जाळाकडे पाहत होती.

"मला तुमचं काही नको," एलिन घाईने म्हणाली. "माझं लग्न ठरलंय. पण सासू म्हणते, बिनबापाची सून घरात नको. रविवारी पाद्रीबुवांसमोर कोणीतरी बाप म्हणून उभं राहायला हवं. नाहीतर मोडलं."

"ब्रिटा," म्हातारा हळूच म्हणाला. मग त्याने भाकरी तिच्याकडे सरकवली. "येईन मी. आता ती भाकरी खा."

तिने सगळी भाकरी संपवली. निघताना चाचरत "बाबा" म्हणाली आणि पळालीच.

दार लागलं तशी मार्टा उठली. "त्या वर्षी तू दक्षिणेला लोकांची गुरं राखत होतास. त्या ब्रिटाला तू जन्मात पाहिलेलं नाहीस."

"नाही पाहिलं." त्याने खुंटीवरचा लष्करी कोट काढला आणि झटकला. "माझ्या आधीचा युंग फिनलंडहून परत आलाच नाही. त्याची झोपडी मी घेतली, नाव घेतलं, हा कोटही त्याच्याच मापाचा. तेव्हा कशालाच नको म्हटलं नाही, मार्टा. त्याची पोरगी तेवढी परत पाठवू?"