मोठे दात, छोटे दात

"नाकाचा आणि दातांचा काय संबंध?" मावशींनी बोळक्या तोंडानं विचारलं.

डॉक्टर पट्टीनं त्यांचं नाक मोजत होती. नाक रुंद तर पुढचे दातही रुंद, तेच चेहऱ्याला शोभतात, असं तिनं समजावलं. थोडक्यात, मोठा साइज. मावशींना मोठे दात मेल्या तरी नको होते. पुढे आलेल्या दातांपायी अख्खा गोतावळा त्यांना जन्मभर 'खवणी' म्हणत आला होता, आणि त्यात नवरा, म्हणजे काका, सगळ्यांच्या पुढे. हसायचं तर तोंडावर हात ठेवून. आता कुठे पाटी कोरी झाली होती, तर ही पोर पुन्हा तेच ध्यान बसवायला निघालेली. एकदा तरी तोंड उघडून हसायचंय गं, असं म्हणता म्हणता मावशींचे डोळे भरून आले.

डॉक्टर विरघळली. पुढच्या खेपेला तिनं दोन्ही मापांचे दात मेणाच्या कच्च्या कवळ्यांत लावून ठेवले. दोन्ही घालून बघा, बाहेर काकांना दाखवा, मग ठरवू म्हणाली.

बाहेर काका पेपर वाचत होते. रिटायर्ड कंडक्टर. शेजारच्या खुर्चीवर त्यांची पिशवी ऐसपैस बसलेली. जन्मभर लोकांना 'पुढे सरका' म्हणून ओरडलेला हा माणूस स्वतः कधी तसूभर सरकला नाही. मावशी मोठे दात घालून समोर उभ्या राहिल्या. काकांनी चष्म्यावरून पाहिलं, होतीस तश्शीच दिसतेस, हेच घे म्हणाले, आणि पान उलटलं. पिशवी जागची हलली नाही.

मावशी आत गेल्या आणि छोटे दात घालून आल्या. काकांसमोर उभ्या राहून जराशा हसल्या.

काकांनी वर पाहिलं. पेपरची घडी झाली, पोट आत गेलं, पिशवी खाली गेली. काका चक्क उठून उभे राहिले.

"या ना, बसा."

इतक्या गोड आवाजात त्यांनी उभ्या जन्मात कुणाला तिकीटसुद्धा दिलं नव्हतं. मावशी बसल्या. तेवढ्यात काकांची नजर त्यांच्या चपलेवर गेली. तिचा अंगठा कालच त्यांनी स्वतः शिवून आणला होता. काकांचा चेहरा खर्रकन उतरला.

"डॉक्टर, मोठेच द्या," ते आत बघून म्हणाले. "हे काही हिला शोभत नाहीत."

"छोटेच," मावशी म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. हात सवयीनं तोंडाकडे निघाला, अर्ध्यात थांबला, खाली वळला. त्या हातानं त्यांनी पिशवी उचलली आणि काकांच्या खुर्चीवर ठेवली.