भाऊसाहेबांचं गाजर

"भाऊसाहेबांचा यात काही दोष नाही," जॉकी म्हणाला. "लिहून घ्या, साहेब. गाजर मी दिलं."

चौकशीच्या साहेबांनी पेन उचललं आणि भाऊसाहेब कोण ते विचारलं.

"घोडा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

टेबलावर दोन बंद पाकिटं होती. एकात जॉकीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट, एकात घोड्याच्या. ती फोडायला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई यायच्या होत्या आणि त्यांची गाडी पंक्चर झाली होती. तेवढ्यात कबुली उरकली तर घोडा वाचेल, असा जॉकीचा अंदाज. स्वतःच्या पाकिटाकडे त्याने अजून पाहिलंही नव्हतं. कोपऱ्यातल्या स्टुलावर घोड्याची निगा राखणारा मोतद्दार साक्षीदार म्हणून बसला होता. घाईत घोड्याचं अंग घासायचा खरारा हातातच राहिला होता, तो त्याने मांडीवर धरला होता.

जॉकीने पहिल्यापासून सांगितलं. भाऊसाहेब ओळीने नऊ शर्यती हरले होते. एकदा तर पुढच्या शर्यतीचे घोडे मैदानात उतरले तेव्हा हे पोचले. दहावी हरला तर ट्रक येईल, असं मालकांनी सांगून टाकलं. ट्रक कुठे नेतो हे तबेल्यात कुणी विचारत नाही. म्हणून जॉकीने कुणाकडून तरी तरतरीची पावडर मिळवली, पाचशे किलोच्या जनावराला पुरेल एवढी. जाडजूड गाजर टोकरलं, आत पावडर ठासली, वरून गाजराचंच बूच बसवलं.

"आणि ते त्याने खाल्लं," साहेब म्हणाले.

इथे जॉकी जरा अडखळला. भाऊसाहेब असं सरळ खात नाहीत, तो म्हणाला. संशयी स्वभाव. गाजर पुढे केलं की ओठांनी उचलतात आणि परत त्याच्याच तळहातावर ठेवतात. मग नाकाने ढोसतात. आधी तू खा. जॉकीने एक घास खाल्ला की थांबतात, निरखून बघतात, पुन्हा ढोसतात. आता जॉकीला बावन्न किलोच्या वर जायची सोय नाही. शर्यतीच्या आठवड्यात तो सकाळी अर्धं उकडलेलं अंडं खातो आणि उरलेल्या अर्ध्याचा दुपारी नुसता विचार करतो. तरी भाऊसाहेबांचा विश्वास बसावा म्हणून रोज चार घास घ्यावेच लागतात.

"त्या दिवशीही घेतले?"

"जरा जास्त घेतले. काटा अर्धा किलो जास्त दाखवत होता, म्हणून मी दोन दिवस पाण्यावर होतो. त्यात यांचा संशय त्या दिवशी काही केल्या फिटेना."

"मग घोड्याला उरलं किती?"

जॉकीने करंगळीचं पेर दाखवलं. देठाकडचं. पण पावडर तोवर सगळीकडे मुरली असणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. कारण भाऊसाहेब पळालेच तसे. गेट उघडायच्या आधीच त्यांच्या अंगातली वीज त्याला जाणवली होती. त्याचे स्वतःचे दात वाजत होते, तेही घोड्यामुळेच. शर्यतभर तो त्यांच्या कानाशी बोलत राहिला. शाळेतले मास्तर, बायकोचा स्वभाव, मेव्हण्याचं लग्न, सगळं सांगून झालं. बाजूने जाणाऱ्या प्रत्येक जॉकीला त्याने शुभेच्छा दिल्या, मग त्या सगळ्यांना मागे टाकलं. सहा घोडे मावतील एवढ्या अंतराने जिंकले. नंतर त्यांनी आणखी एक अख्खी फेरी मारली, कारण शेवटचा खांब जॉकीला फार आवडला होता आणि तो परत बघायचा होता.

"घोड्याला चढली होती, साहेब," जॉकी म्हणाला. "मी होतो म्हणून आवरला."

डॉक्टरीणबाई आल्या. हाताला ग्रीस तसंच होतं. त्यांनी घोड्याचं पाकीट आधी फोडलं. काही नाही. गवत, ओट्स आणि पाणी. मग दुसरं फोडलं, आकडा वाचला, चष्मा पुसून परत वाचला, आणि शर्यतीनंतर झोप कशी लागली ते जॉकीला विचारलं. तीन रात्री लागली नाही, तो म्हणाला. आनंदाने.

साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं. घोडा स्वच्छ, तेव्हा जिंकलेली शर्यत कायम. जॉकीला स्वतः खाल्ल्याबद्दल दोन वर्षं बंदी, घोड्याला देऊ पाहिल्याबद्दल आणखी एक. तीन वर्षांनी तो चाळिशीत असेल, म्हणजे खोगिरावर परत बसणं संपल्यात जमा.

"ट्रक?" जॉकीने विचारलं.

ट्रक येणार नव्हता. जॉकी खुर्चीत मागे टेकला. आल्यापासून पहिल्यांदाच.

साहेबांना मात्र एक गोष्ट खटकत होती. त्यांनी मोतद्दाराला विचारलं, हे आधी-तू-खा प्रकरण खरं आहे का. खरं आहे, तो म्हणाला. रोजचंच आहे. मग तुमच्याशीही असंच करतो का? नाही. त्याच्या हातचं गाजर भाऊसाहेब देठासकट एका दमात खातात, मान वरही करत नाहीत.

"मग याच्यावरच एवढा संशय कशाला?"

मोतद्दाराने खरारा या मांडीवरून त्या मांडीवर ठेवला. जॉकीच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळाच्या पट्ट्याला खिळ्याने दोन जास्तीची भोकं पाडलेली होती, तरी घड्याळ सैलच होतं.

"मी घरून जेवून येतो, साहेब."