शेषारत्नम्मांचं घड्याळ

या, असे जवळ सरकून बसा. नामाचा महिमा सांगणाऱ्या कथा पुष्कळ ऐकल्या असतील. आज आंध्रातल्या आमच्या राजमहेंद्रीत रामनवमीला घडलेली एक सांगतो. मी तिथेच, मंडपाच्या खांबाला टेकून बसलो होतो.

चाळीस वर्षं हरिकथा गाणाऱ्या शेषारत्नम्मांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि मुलानं त्यांचे पायातले चाळ कपाटात कोंडले. त्या जेवेनाशा झाल्या. अखेर त्यानं दोन स्मार्ट घड्याळं आणली, एक आईला, एक स्वतःला. “ठोके एकशेवीसच्या वर गेले की हे वाजेल. वाजलं की कथा कायमची बंद, अम्मा!” रामनवमीला अम्मा कथेला उभ्या राहिल्या. हनुमान समुद्रावरून झेपावला, चाळ घुमले आणि घड्याळ किंचाळलं. पुढच्याच रांगेतला मुलगा व्यासपीठावर धावला, त्यानं आईचं मनगट धरलं. आकडा होता एकशेचार. वाजत होतं ते त्याचंच. बसल्या जागी ठोके एकशेचाळीस! अम्मांनी चिपळ्या थांबवल्या नाहीत. “अरे कन्ना, माझ्या बाळा, उडी मारुतीनं मारली आणि धाप तुला लागली? खाली बस, गुळाचं पानकम पी!” मंडपात हशा उसळला, गोविंदाचा गजर झाला आणि अम्मा लंकेत पोहोचल्या.

आता अम्मांनी पुढच्या महिन्याच्या कथांच्या दोन सुपाऱ्याही घेतल्या आहेत. सायंकाळी देवापुढे हात जोडाल तेव्हा त्यांची आठवण कराच. पण त्या लेकालाही विसरू नका. भीतीपोटी का होईना, आईची अख्खी कथा त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.