साडेदहाची पोस्ट

तृप्तीने जहाजावरचा पहिला दिवस नाशकातच लिहिला, कॉलेजच्या लॅबमध्ये, पंख्याखाली बसून. दुसराही तिथंच. तिसऱ्या दिवशी तिला दोन देवमासे हवे होते. शेजारी बसलेला ज्ञानेश म्हणाला, एकच ठेव, दोन कोणी खरं मानायचं नाही.

ज्यानं आयुष्यात एकदा तरी प्रॅक्टिकलची वही भरलीय, त्याला यात काही नवल वाटणार नाही. रीडिंग आधी, प्रयोग जमला तर नंतर. परदेशी विद्यापीठाचं जहाज, डेकवर भरणारे वर्ग, शंभर दिवसांत सोळा बंदरं, आणि कॉलेजातून निवड झालेली एकटी तृप्ती. म्हणून ज्योत्स्ना मॅडमनी वर्गाचा ब्लॉग काढला. तृप्तीची रोज एक पोस्ट, सकाळी साडेदहाच्या आत, दहा मार्क. भर समुद्रात नेट मिळेल न मिळेल, मार्क कशाला घालवा? दोघांनी प्रवासाचं वेळापत्रक पुढ्यात घेतलं, शंभर दिवसांच्या पोस्ट लिहिल्या आणि तारीख-वेळ लावून ब्लॉगच्या पोटात घालून ठेवल्या. ज्या त्या दिवशी आपोआप वर येणार.

येतही होत्या. मॅडम पडद्यावर लावून मोठ्यानं वाचायच्या. तृप्तीची आई यशोदाबाई अंगणवाडीत मदतनीस. तासाभराची सवड काढून मागच्या बाकावर येऊन बसायच्या. देवमासा त्यांनी आपल्या कॉलनीत सांगितला. देवळाली कॅम्पात पोचेपर्यंत तो दोन एसटींएवढा झाला होता.

सतराव्या दिवशी, गुरुवारी, यशोदाबाई बाकावर बसल्या नाहीत. सरळ मॅडमच्या टेबलाशी गेल्या आणि मोबाइल पुढे केला. काल दुपारपासून तृप्तीला पाठवलेल्या प्रत्येक मेसेजवर एकच टिक होती. वर सकाळी जहाजाच्या मुंबईच्या ऑफिसातून मेल आली होती, इंग्रजीत.

मॅडमनी ती वाचली आणि जमेल तेवढ्या हळू मराठीत सांगितली. काल दुपारी सहा मुलं छोट्या बोटीतून एका बेटावर अभ्यासाला निघाली होती. त्यात तृप्ती होती. बोट परतलेली नाही. बेटाच्या दक्षिणेला शोध चालू आहे, शोधायला बोट एकच आहे आणि संध्याकाळपासून हवा बिघडणार आहे. काल दुपारनंतर घरच्यांना काही कळलं असेल, एक ओळ जरी, तर ताबडतोब कळवावं.

मागचा पंखा तेवढा कुरकुरत होता. साडेदहा झाले तसं कुणीतरी सवयीनं ब्लॉगचं पान उघडलं आणि पडद्यावर नवी पोस्ट आली.

मॅडम वाचू लागल्या. आम्ही बेटाच्या उत्तर टोकाला दीपगृहापाशी तंबू ठोकलाय. शहाळी गोड आहेत. इथं मोबाइलला रेंज नाही, दीपगृहातल्या नेटवरून पाठवतेय. आई, काळजी करू नकोस.

वर्गानं बाकं वाजवली. यशोदाबाई मटकन खाली बसल्या, हसल्या, मग पदरानं तोंड झाकून घेतलं. मॅडमनी उभ्या उभ्याच ऑफिसला उत्तर लिहिलं. मुलीचा निरोप आज साडेदहाला आला. सगळे उत्तर टोकाला, दीपगृहापाशी आहेत. सात मिनिटांत उलट मेल आली. फार फार आभार. शोधबोट उत्तरेकडे वळवली आहे.

वेळापत्रकात नुसतं बेटाचं नाव होतं. ते दीपगृह ज्ञानेशनंच नेटवर शोधून दिलं होतं. फोटो छान होता. कुठल्या देशातला, ते दोघांनीही बघितलं नव्हतं.

तो उठून उभा राहिला.

"मॅडम, ते तृप्तीनं आज नाही लिहिलेलं. इथं लिहिलंय. जायच्या आधी."

मॅडमना आधी ती थट्टाच वाटली. असल्या वेळी फाजीलपणा सुचतो कसा, असं त्या म्हणाल्याही. मग त्यानं सगळं सांगितलं; वेळापत्रक, तारखा, देवमासा. देवमाशावर एकजण फिसकन हसला आणि लगेच थांबला. यशोदाबाई ऐकत होत्या.

मॅडमनी कीबोर्ड पुढे ओढला. मघाच्या मेलमध्ये चूक झाली, कृपया बोट परत दक्षिणेला, एवढं टाइप झालं आणि पुढची अक्षरं उमटेनात. कीबोर्डवर हात होता. खरबरीत, हिरव्या काचेच्या दोन बांगड्या घातलेला.

"ज्ञानेश," यशोदाबाईंनी त्याच्याकडे न बघता विचारलं, "कुठपर्यंतचं लिहून ठेवलंय?"

"सगळं."

"परत आल्याचंबी?"

"हो. ओझरला विमानातून उतरते. तुम्ही न्यायला आलेल्या आहात."

"मी कुठली साडी नेसलीये?"

"जांभळी."

यशोदाबाईंनी मान डोलावली. जांभळी होती त्यांच्याकडे.

मॅडम म्हणाल्या, बाई, हात काढा, एकेक मिनिट जातंय. त्यांनी तो हात उचलून बघितला. हलला नाही.

"राहू द्या, मॅडम," यशोदाबाई म्हणाल्या. "पोरगी म्हणती तिथंच बघू द्या त्यांना."