शेजारची ओळ

काकूंनी दार उघडलं ते वीतभरच. बाहेर भिंगवाली उभी होती. काकूंच्या यजमानांच्या, सरांच्या हाताखाली ती शिकली आणि आता त्यांच्याच प्रयोगशाळेत कामाला होती. गळ्यात सदानकदा भिंग, म्हणून सगळे तिला भिंगवालीच म्हणायचे. आज हातात प्लास्टिकचा एक डबाही होता.

"झोपलेत ते," काकू म्हणाल्या.

हे वाक्य काकूंच्या तोंडात बसलेलं होतं. सर झोपलेले असोत, लिहीत असोत, नाहीतर नुसते छताकडे बघत असोत, दारात आलेल्याला हेच उत्तर. भांडायला आलेले दीर, रुसून आलेले सहकारी, लेकाच्या शाळेतल्या तक्रारी, सगळं काकूंनी इथेच, उंबऱ्यावर अंगावर घेतलं. सरांना कटकट म्हणजे काय ते ठाऊकच नाही, असं लोक कौतुकानं म्हणायचे. काकूंना ते ऐकायला आवडायचं. का नाही आवडणार? आता दुखणं आल्यापासून तर सरांचा फोनसुद्धा काकूंच्या गाऊनच्या खिशात असायचा.

"काकू, पाचच मिनिटं. आजच बोलायला हवं."

"मला सांग. मी त्यांच्या कानावर घालते."

त्या घालणार नव्हत्या, हे दोघींनाही माहीत होतं. भिंगवालीनं डबा उघडला. आत सोयाबीनचं एक पान होतं. तिनं ते उलटं केलं. पानाच्या पाठीला पांढऱ्या माशीची पिल्लं इतकी चिकटून बसली होती की हिरवा रंग शोधावा लागत होता.

"शी. कुठला वाण हा?"

"सरांचा."

काकू बाहेर आल्या आणि त्यांनी दार मागे ओढून घेतलं.

सरांचा वाण म्हणजे सरांचा अख्खा जन्म होता. ह्याच्यावर माशी बसत नाही, औषध फवारावं लागत नाही, एवढ्या एका गोष्टीपायी माणसानं स्वतःला झिजवलं. आता कुठे बियाण्याची पोती भरून तयार होती. उद्या सकाळी ती गाड्यांतून शेतकऱ्यांकडे जायची होती.

"शेतात तर स्वच्छ असतो ना गं? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय."

"असतो. कारण शेजारच्या ओळीत आपण दुसरा वाण लावतो, तुलनेसाठी. तो नाजूक. माशीला तोच आवडतो, सगळी तिकडे जाते. सरांच्या वाणावर यायची तिला गरजच पडत नाही. यंदा मी सरांचा वाण एकटा जाळीच्या पिंजऱ्यात लावला आणि माश्या सोडल्या. शेजारी दुसरं काहीच नाही. मग जातील कुठे? ह्याच्यावरच बसल्या." ती जरा घुटमळली. "सर दरवर्षी म्हणायचे, पिंजऱ्याचं पुढच्या वर्षी बघू."

काकू पानाकडे बघत राहिल्या. "आणि ती शेजारची ओळ? तिचं काय होतं?"

"तिचं काय व्हायचंय? पिवळी पडते. हंगाम संपला की उपटून टाकतो."

काकूंनी डब्याचं झाकण आपल्या हातानं लावलं, घट्ट दाबून.

"मग तू थांबव ना गाड्या. ह्यांना कशाला मध्ये ओढतेस?"

"माझं कोण ऐकतंय, काकू? वाण त्यांचा, शब्दही त्यांचाच लागेल. लोकांच्या शेतात शेजारी दुसरी ओळ नसणार. जिकडे तिकडे हाच. आणि फवारायचं नाही म्हणून सगळे निर्धास्त. उभं पीक हातचं जाईल."

"अगं, पण जाऊ दे ना ह्यांना तरी सुखानं," काकू एकदम म्हणाल्या. "डॉक्टरांनी हात टेकलेत. ह्यांना मी सांगितलंय, आतड्याला सूज आहे, उतरेल. आता शेवटी शेवटी हे आणखी कशाला?"

भिंगवालीचा चेहरा उतरला. "मला माहीत नव्हतं."

"कुणालाच नाही."

बोलण्याच्या भरात एक गोष्ट काकू विसरल्या. पायरीच्या वरच सरांची खिडकी होती.

"तिला आत पाठव," पडद्याआडून सरांचा आवाज आला.

काकू धावतच खोलीत गेल्या. सर उशीला टेकून बसले होते. "काही नाही हो, किरकोळ आहे. ती आपली उगाच..."

"ऐकलं मी."

भिंगवालीनं डबा पुढे केला. सरांनी पान घेतलं, तिचंच भिंग घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले. काकूंनी मनगटाला आधार द्यायला हात पुढे केला. त्यांनी तो अलगद बाजूला केला.

"फोन दे माझा. पोती हलता कामा नयेत."

काकूंनी खिशातून फोन काढून दिला आणि नेहमीसारख्या पलंगाच्या कडेला टेकल्या.

"तू बाहेर बस," सर म्हणाले.

"मी? अहो, मी कशाला?"

"पिंजऱ्यात शेजारी दुसरी ओळ ठेवत नाहीत." आवाजात राग नव्हता. उलट काकूंना वाटलं, इतक्या मायेनं हे आपल्याशी कधी बोललेच नव्हते. "आधी हिचं सगळं ऐकतो. मग तू ये. डॉक्टर तुला काय म्हणाले ते सांग. तेही सगळं."

काकू बाहेर आल्या. आल्यागेल्याला ज्या खुर्चीत त्या ताटकळत ठेवायच्या, तिच्यातच बसल्या. खिसा हलका लागत होता. दारापलीकडे सरांचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा येत होता. काकूंना रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं.

फाटक वाजलं. सरांची चौकशी करायला समोरच्या घरातले गृहस्थ आले होते. काकूंना बाहेर बसलेलं पाहून ते पायरीशीच थबकले आणि हळू आवाजात म्हणाले, "झोपलेत वाटतं सर?"

"नाही," काकू म्हणाल्या. "जागे आहेत."